गॅसच्या पिवळ्या ज्योतीपासून सूर्यापर्यंत



वरणाला ऊत आला आणि मिठाचं पाणी गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. आपण फडकं शोधायच्या घाईत असतो, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. आच लागली की त्याच्या अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात आणि खाली उतरताना घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा प्रकाशही वेगळा.

याच खुणेवरून सूर्यात काय आहे ते माणसाला कळलं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या शेजारच्या विजापूर-जमखंडीवरून गेलं. जमखंडीला हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी ढगांच्या फटीतून पाहत होते, तर गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात सोडियमच्या रेषांजवळ एक पिवळी रेषा दिसली. पुढे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ती सोडियमची नाही, नव्याच द्रव्याची आहे असं मांडलं. त्या द्रव्याचं नाव हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजात.

सोलापूरच्या वैशाखात आपले पापड-कुरडया वाळवणारं ऊन तयार होतं ते हा हेलियम बनतानाच. सूर्याच्या पोटात हायड्रोजनची चार केंद्रकं मिळून हेलियमचं एक होतं. नव्याचं वजन चौघांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं आणि तेवढ्या वजनाची ऊर्जा होते. अशी दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तू सूर्य खर्च करतो.

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने विचारलं, "आई, पाठशाळेत शिकवलं की ऊन हा पुद्गलाचाच पर्याय. कॉलेजात सांगतात की वस्तूची ऊर्जा होते. म्हणजे एकच ना?"

"बघ, आपल्या शास्त्रात सगळं आधीच आहे," असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आतप आणि उद्योत पुद्गलाच्या पर्यायांत सांगितलेत, हे खरंच आहे. पण आगमातला परमाणू अविभाज्य. कॉलेजातला अणू फुटतो, आणि त्या फुटण्यावर तारापूरला १९६९ पासून वीज तयार होते. आपल्या भाषेत तो अणू म्हणजे स्कंधच म्हणावा लागेल. नाव सारखं म्हणून वस्तू एक होत नाही. शास्त्रकारांनी वस्तुस्वरूपाचं चिंतन केलं, प्रयोगशाळेने मोजमाप केलं. ओढूनताणून जुळवलेली गोष्ट उद्या पोरीला कॉलेजात खोटी ठरलेली दिसली, तर ती खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही सोडेल. सत्य अणुव्रत घरातल्या अशा उत्तरांनाही लागू आहे. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन्ही नीट वाचायला हवं." मला तेवढंच हवं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्याच पुस्तकातून कळली. हलकी केंद्रकं जोडली की ऊर्जा मिळते, पण लोखंडापर्यंतच. त्यापुढे जोडायला उलट ऊर्जा द्यावी लागते. युरेनियमसारखी जड केंद्रकं फुटताना ऊर्जा देतात ती म्हणूनच. लोखंड बनवणं आपल्या सूर्याला जमत नाही. ते सूर्याच्या आधी होऊन गेलेल्या मोठ्या ताऱ्यांमध्ये बनलं. हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टर आपल्याला जी गोळी देतात, तिच्यातलं लोहही त्याच ताऱ्यांचं. शरीर 'माझं' नाही, पुद्गलाचं आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. आता गोळी घेताना ते आठवतं.

सूर्याकडचा हायड्रोजनही अंदाजे ५०० कोटी वर्षांनी सरेल. अनित्य भावना भावताना आपण फुलं, तारुण्य, पैसा आठवतो. त्यात सूर्यही धरायला हरकत नाही.

मुलांनी असं काही विचारलं तर गप्प बसवू नका, बायांनो. येत नसेल तर त्यांच्यासोबत पुस्तक उघडा. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की संध्याकाळ आपलीच असते.