ब्रेकचे तेल

काही पदार्थांची नावे त्यांच्या गुणांशी मुळीच जुळत नाहीत. मोटारदुरुस्तीच्या धंद्यात ज्यास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, तो पदार्थ त्यांपैकीच एक होय. हैदराबाद-सिकंदराबादच्या सीमेवरील राणीगंज बाजारात सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानी 'ब्रेक ऑइल' मागावे. दुकानदार क्षणाचाही विलंब न लावता अर्ध्या लिटरची बाटली पुढे ठेवील. परंतु त्या बाटलीत तेलाचा थेंबही नसतो. आपल्याकडील बहुतेक मोटारींत वापरला जाणारा हा द्रव ग्लायकॉल ईथर नावाच्या रसायनांपासून बनवितात. तेलाचे आणि पाण्याचे हाडवैर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा द्रव मात्र पाण्याशी इतकी सलगी राखतो की, पाणी जवळ नसेल तर हवेतील दमटपणाही शोषून घेतो. त्याचा उपयोग आणि त्याचा ऱ्हास, दोन्हींचे मूळ या एकाच स्वभावात आहे.

आम्ही पडलो भाषाविषयाचे शिक्षक. मोटारीच्या पोटातील व्यवहाराशी आमचा संबंध एरवी यावयाचा नाही. पण आमचे गाव कोकणात, आणि नोकरी मुशीकाठच्या या नगरीत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वृद्ध आई, मुले आणि लोणच्यापापडांचे डबे यांसह जुन्या लहानशा मोटारीने घरी जाण्याचा आमचा परिपाठ आहे. हा मार्ग जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा असा सोलापुरास जातो व तेथून मिरज, कोल्हापूर, आजरा करीत आंबोलीस पोचतो. कोल्हापुरापर्यंतचे पाचशेंहून अधिक किलोमीटर दख्खनच्या पठारावरचे. त्या सपाटीवर ब्रेकची खरी परीक्षा अशी होतच नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. तेथे पठार एकाएकी संपते आणि रस्ता वळणे घेत सावंतवाडीच्या अंगास खाली उतरू लागतो. परीक्षा तेथे होते, आणि त्या वेळी अभ्यासाला सवड उरलेली नसते!

तेव्हा प्रथम हे पाहू की, पायाने दाबलेले पेडल चाकाला थांबविते तरी कसे? दहाव्या इयत्तेपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्यांस पास्कलचे नाव ठाऊक असेलच. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच पंडित अवघ्या ३९ वर्षांच्या आयुष्यानंतर १६६२ साली वारला, आणि द्रवांविषयीचा त्याचा ग्रंथ दुसऱ्या वर्षी, म्हणजे १६६३ साली, प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो, हा त्याचा सिद्धांत. त्यानंतर अडीचशेंहून अधिक वर्षांनी हा सिद्धांत मोटारीच्या कामी आला. मॅल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक सिद्ध केले, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूझनबर्ग नावाच्या मोटारीच्या चारही चाकांस ते लागले. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला रेटतो आणि बारीक नळ्यांतून तो दाब चारही चाकांपाशी पोचून ब्रेक आवळले जातात. येथे सारी भिस्त एकाच गोष्टीवर असते. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर वाटेत कोठेही न हरवता चाकापर्यंत जातो. नळीत हवेचा वा वाफेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो. पेडल मऊ, स्पंजासारखे लागते आणि चाक मात्र फिरतच राहते.

आता घाटातील गोष्ट. चालती मोटार थांबवावयाची म्हणजे तिच्या गतीची उष्णता करून ती हवेत सोडावयाची. माणसे व सामान यांसह मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम धरले आणि ती ६०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ५९ लक्ष जूल इतकी ऊर्जा कोठे तरी जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेने २० लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापेल. चार माणसांच्या अंघोळीची सोय व्हावी, इतकी ही उष्णता! तिचा काही भाग इंजिन व वारा हे वाटून घेतात. पण जो चालक सारा उतार पायाखालच्या ब्रेकवरच काढतो, त्याच्या गाडीत ती बव्हंशी चाकांपाशी साठते आणि तेथील द्रवही तापू लागतो.

नवा द्रव हा ताप सहज सोसतो. बाटलीवर 'डॉट ३' असे लिहिले असेल, तर तो किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. 'डॉट ४' साठी हाच आकडा २३० अंशांचा आहे. मात्र त्यात शेकडा ३.७ इतके पाणी मिसळले की या मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येतात. शंभरात चार भागही पाणी नाही, आणि पाऊणशे अंशांपर्यंत घसरण! हे पाणी कोणी ओतलेले नसते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांतून हवेतील ओलावा सावकाश आत शिरतो. गाडी चालो वा दारात उभी राहो, पावसाळ्यामागून पावसाळे जातात आणि द्रव भिजत जातो.

यावर कोणी विचारील, पाणी शोषणारा द्रव मुळात वापरावाच का? आम्हांसही हीच शंका आली होती. तिचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ओलावा आत यावयाचा तो येणारच. द्रवाने त्यास आपल्यात सामावून घेतले नाही, तर त्याचे थेंब वेगळे राहून सर्वांत खालच्या जागी साचतील, तेथील धातूला गंज चढवितील आणि १०० अंशांवरच त्यांची वाफ होईल. हा द्रव पाण्याला एका जागी साचू देत नाही. सर्वत्र वाटून घेतो आणि त्या बदल्यात स्वतः दुबळा होत जातो. म्हणूनच त्यास ठरावीक काळाने निरोप देऊन नवा भरणे, हीच त्याच्या सेवेची योग्य बूज होय.

यंदा सुट्टीपूर्वी हे काम आम्ही काचीगुड्याच्या एका गल्लीतील कारागिराकडून करवून घेतले. सारी गल्ली त्यांना 'उस्ताद' म्हणते, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. त्यांनी टाकीचे झाकण उघडून दाखविले. नवा द्रव पातळ मधाच्या रंगाचा असतो. आतला मात्र दूध न घातलेल्या चहाच्या अर्कासारखा काळपट झालेला होता. "मास्टरसाब, रंग देखके फैसला नक्को करो, साल गिनो," उस्ताद म्हणाले. दख्खनीतील ते 'नक्को' ऐकले की ही भाषा आपल्या मराठीची शेजारीण असल्याची खूण पटते.

मग जुना द्रव टाकीतून ओढून काढून नवा भरला गेला. आम्हांस चालकाच्या जागी बसविण्यात आले. उस्ताद डाव्या बाजूच्या मागील चाकापाशी बसले, कारण मास्टर सिलिंडरपासून तेच सर्वांत दूर. (काही गाड्यांच्या नळ्यांची रचना वेगळी असते, तेथे हा क्रमही बदलतो.) चाकापाशी एक लहानसे निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक त्यांनी थोड्या द्रवाने भरलेल्या बाटलीत बुडविले. "मारो... मारो... पकडके रखो!" अशी आज्ञा होताच आम्ही पेडल दाबून धरावयाचे, ते निपल सैल करीत, काळा द्रव बुडबुड्यांसह बाटलीत येई, पेडल पायाखाली खोल जाई, ते निपल पुन्हा आवळीत आणि मग "छोडो!" म्हणत. आवळण्यापूर्वी पाय उचलला, तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. तिकडे उस्तादांचा हाताखालचा मुलगा टाकीवर डोळा ठेवून होता. तिच्यातील पातळी फार खाली गेली, तरीही हवा शिरून सारी मेहनत वाया जाते. नळीतून स्वच्छ, बुडबुड्यावाचून द्रव येऊ लागला की ते चाक झाले. अशी चार चाके. या द्रवाने गाडीचा रंगही उतरतो, म्हणून पत्र्यावर सांडलेले दोन थेंब मुलाने लगेच पाण्याने धुऊन टाकले. निघालेला द्रव विषारी असल्यामुळे तो गटारात न ओतता, वापरलेल्या द्रवाच्या डब्यात वेगळा ठेवला गेला.

काम संपल्यावर पेडल दाबून पाहिले, तो पायाखाली जणू दगड! आम्ही म्हणालो, "नव्या तेलाची करामत!" उस्ताद हसले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पेडल घट्ट झाले ते नळीतील हवा गेल्यामुळे. नव्या द्रवाची करामत येथे गल्लीत कळावयाची नाही. भिजलेला द्रवही थंड असताना पायाला घट्टच लागतो, कारण पाणीही दाबले तरी आक्रसत नाही. त्याचे खरे रूप कळते ते तो उकळल्यावर, आणि त्या वेळी गाडी उतारावर असते.

या एका वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. जे दुखणे रोज थोडे थोडे जाणवते, त्यावर माणूस आज ना उद्या इलाज करतो. जे रोजच्या रस्त्यावर लवमात्र जाणवत नाही आणि नेमके संकटाच्या जागी प्रकट होते, त्याच्या बाबतीत पायावर काय किंवा डोळ्यांवर काय, विसंबून चालत नाही. तेथे दिनदर्शिकेवरच विसंबावे लागते. म्हणून बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा असे सांगतात. आपल्या गाडीचा नेमका नियम तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पुढे आंबोलीचा घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. त्यामुळे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. एका वळणावर समोरून मालमोटार आली. आम्ही पेडल दाबले, ते जेथल्या तेथे घट्ट राहिले आणि गाडी कडेला निमूट उभी राहिली. मागे आईचा डोळा लागला होता. तिची झोपही मोडली नाही. जागी झाल्यावर तिने आमच्या कोंकणीत प्यावयास 'उदक' मागितले, तेव्हा खालची हिरवी झाडी दिसू लागली होती.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मोटार असेल. ज्यांच्याकडे नसेल ते मुलांना ने-आण करणाऱ्या गाडीतून येत असतील. बऱ्याच मोटारसायकलींच्या पुढल्या ब्रेकमध्येही हाच द्रव असतो. आज घरी गेल्यावर वडिलांना, आईला किंवा गाडीच्या चालककाकांना एवढेच विचारा, "ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले?" उत्तरादाखल तारीख मिळाली तर उत्तमच. "आठवत नाही" असे उत्तर आले, तर गाडी कारागिराकडे नेण्याची वेळ झाली असे समजावे. काम झाल्यावर त्या दिवसाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. चिठ्ठी लिहिण्याचे काम मोठ्यांनी तुमच्यावर सोपवावे. अक्षर मात्र सुवाच्य असू द्या.