रात्रीच्या गाड्या

खिसा हलका असला की माणूस रात्रीची गाडी धरतो. मुक्कामाचे पैसे वाचतात, इतका साधा हिशेब. त्या हिशेबाने मला जगभरच्या पहाटा दिल्या. ज्यांना परवडतं ते उन्हं चढल्यावर शहरात उतरतात. मी उतरते तेव्हा रस्त्यावरचे दिवे विझायचे असतात, दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, पहिल्या भट्टीचा वास गल्लीच्या तोंडाशी घुटमळत असतो, आणि चित्रांमधून वर्षानुवर्षं ओळखीचं झालेलं ते शहर आपल्या नावाचा सगळा थाट उतरवून ठेवून नुसतं जागं होत असतं. त्या तासाला त्याच्याकडे विकायला काही नसतं.

सैबेरियातून जाणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाला प्लात्सकार्त म्हणतात. दारं नसलेला लांबच लांब डबा, एका छताखाली ५४ जणांची झोप. बोळात पुढे आलेले लोकरी मोज्यांतले पाय, कुणाचं हलकं घोरणं, काकडी आणि शेपूचा वास, आणि एका टोकाला आपल्याकडच्या बंबासारखा उभा समोवर, ज्याचं उकळतं पाणी रात्रंदिवस कुणीही फुकट घ्यावं. धातूच्या नक्षीदार कडीत बसवलेला काचेचा पेला दोन्ही हातांत धरून मी खिडकीशी बसून राही. बाहेर बर्चची पांढरी खोडं अंधारातून येत, अंधारात जात.

मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे अंतर ९,२८८ किलोमीटरचं. २०१८पर्यंत या साऱ्या वाटेवर स्थानकांतली घड्याळं मॉस्कोचीच वेळ दाखवत. जून महिना होता. इर्कुत्स्कजवळ आभाळाची कड आधी राखाडी, मग दुधाळ, मग जर्दाळूच्या सालीसारखी झाली, समोरच्या बाकावरच्या आजीबाई उठून केसांना फणी लावू लागल्या, त्यांनी न विचारता काळ्या पावाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि फलाटावरचं घड्याळ मध्यरात्रीपाशीच होतं.

मी पाव खाल्ला. सूर्य वर आला.

सगळ्याच रात्री अशा मऊ नसतात. पिरियसहून क्रीटला जाणाऱ्या बोटीत डेकचं तिकीट सगळ्यांत स्वस्त, आणि डेकवर वारा असतो. लोखंडाची धडधड पाठीच्या कण्यातून वर चढत जाते, मीठ ओठांवर बसतं, ज्याच्या त्याच्या स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते. अशाच एका रात्री मला मुंबईचे ते पारशी तरुण आठवले. १९२३मध्ये सहा जण सायकलींवर निघाले. हकीम, बापासोला आणि भूमगरा या तिघांनी १९२८मध्ये जगाची फेरी पुरी केली. त्यांनी तोडलेल्या अंतराचं लोकांना नवल वाटतं. मला त्यांच्या रात्रींचं वाटतं. दमलेलं अंग परक्या मातीवर टाकताना कुठल्या बाजूला उशी करावी, हे रोज नव्याने ठरवत गेले असतील ते.

कमी पैशांत फिरणारे काही जण भाजीवालीशी दोन नाण्यांसाठी हुज्जत घालतात. ते पाहून माझ्या पोटात तुटतं. काटकसर आपल्या अंथरुणात करावी, दुसऱ्याच्या ताटात नाही.

माझी सगळ्यांत आवडती पहाट हनोईची. सायगावहून तिथे येणारी १,७२६ किलोमीटरची रेल्वेवाट १९३६मध्ये पुरी झाली, युद्धांत तुटली, १९७६मध्ये पुन्हा सांधली गेली. ह्युएला मी त्या गाडीत चढले. तीन मजली बाकांतला सर्वांत वरचा स्वस्त, म्हणून रात्रभर नाकापासून वीतभरावर छत. रुळांचे सांधे अंगाखालून जात राहिले, कूस वळायलाही जागा नव्हती, आणि तरी त्या अरुंद फळीवर मला असं वाटत होतं की हा देश आपल्याला पाठीवर घेऊन चालला आहे.

उजाडता उजाडता होआन किएम तळ्याकाठी पोचले. पाण्यावर विरळ धुकं, मधल्या बेटावरचा कासवबुरूज अर्धाच दिसणारा. फुटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मांडली जात होती, फो सूपच्या पातेल्यातून बडीशेपेसारखा चक्रीफुलाचा वास येत होता. आणि काठाकाठाने माणसंच माणसं: चालणारी, बॅडमिंटन खेळणारी, कर्ण्यावरच्या गाण्याच्या तालावर व्यायाम करणारी. फुलाफुलांच्या सदऱ्यातल्या बायकांची एक ओळ लाल पंखे उघडत होती, मिटत होती. एक कणखर म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने शेजारणीला कोपराने जरा सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट केलं.

मी सॅक झाडाशी टेकवली आणि ओळीत जाऊन हात वर केले.