बेंजो, भोंगा आणि प्रल्हाद शिंदे

कल्याण सोडलं की गाडी विठ्ठलवाडीला थांबते. मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यात राहणाऱ्याला आपलं गाणं निवडता येत नाही. ते भोंग्यातून येतं आणि काय लागलंय यावरून तिथी कळते. आषाढीला विठ्ठल, श्रावणात सत्यनारायण, 14 एप्रिलला बाबासाहेब. तिथी बदलली तरी आवाज कैकदा तोच असतो, प्रल्हाद शिंद्यांचा. वरच्या पट्टीतला, मोकळा, कडेला जरासा खरवडलेला. रियाजी कानाच्या माणसांना तो चिरका वाटतो. वाटू दे. फाटक्या कर्ण्यातूनही ज्याचा शब्द न् शब्द कळतो, असे गळे थोडे.

या आवाजाला मी माझ्यापुरतं ब्लूज म्हणतो, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं गाणं. त्यात फार ओढाताण नाही. 1972 मध्ये मुंबईत दलित पोरांनी ‘दलित पँथर’ काढली तेव्हा नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. नाव आलं, पुस्तकं आली, त्यांचं गाणं मात्र आलं नाही. यायची गरजही नव्हती. वामनदादा कर्डक होते, विठ्ठल उमप होते, प्रल्हाद शिंदे होते.

शिंद्यांचा जन्म 1933 चा. त्यानंतर तीन वर्षांनी तिकडे लुईझियानात, वाट्याने कापूस पिकवणाऱ्या एका घरात ब्लूज गिटारवादक बडी गाय जन्मला. 1958 पासून तो रेकॉर्ड करतोय. शिकागोच्या चेस कंपनीच्या मालकाला त्याची गिटार म्हणजे गोंगाट वाटे, म्हणून ती बरीचशी दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजली. पोटासाठी तो बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा. जगभर नाव झालं ते 1991 च्या अल्बमने, पंचावन्नाव्या वर्षी. 2011 मध्ये तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन वाजवून गेला आणि 2025 मध्ये, एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, त्याने आणखी एक अल्बम काढला. त्याची कारकीर्द अशी वर्षांनुसार सांगता येते. शिंद्यांची कोणी सांगून दाखवावी! त्यांच्या चाहत्यांतल्या बहुतेकांनी त्यांची तबकडी हातात धरलेलीच नाही. फोनो ज्याच्या घरी, तबकडी त्याची. बाकीचे मांडवाबाहेर उभे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हे बदललं. टू-इन-वन चाळीत शिरला, रिक्षात शिरला, पानाच्या टपरीवर बसला. उल्हासनगरात तर काय हवं ते बनतं, अशी ख्याती. नकली कॅसेटींचे ते दिवसच होते. या पट्ट्यात वाजून वाजून ताणलेल्या किती कॅसेटींचे पैसे गाणाऱ्यापर्यंत पोचले असतील, हा हिशेब न मांडलेलाच बरा. त्याच उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर आलेली सिंधी घरं त्यांच्या गायकाच्या, मास्टर चंदरच्या जुन्या तबकड्या जपत. एका भिंतीआड गाव सुटल्याचं दुःख, दुसरीआड गावानं गावकुसाबाहेर ठेवल्याचं. दोन्हींना सुई एकच.

ब्लूजला गिटार, तसा आपल्याकडे बेंजो. मूळ जपानी वाद्य, बटणं टाइपरायटरसारखी. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं. वरातीत टेम्पोवर बेंजो पार्टी चढते, ढोलकी-कच्छी ढोल सुरू होतात आणि शिंद्यांची एखादी चाल तारेवर अशी किंचाळते की बडी गायनेही मान वळवून बघावं. शब्द नसतातच, ते नाचणाऱ्यांच्या तोंडी असतात.

आता अडचणीची गोष्ट. प्रल्हाद शिंदे बौद्ध समाजातले. देवदेवतांना न मानण्यासह बावीस प्रतिज्ञा ज्या समाजाने 1956 मध्ये घेतल्या, त्या समाजाचा गायक सत्यनारायणाची कथा गातो, ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गातो, आणि पुढच्याच कॅसेटवर भीमगीतं. यावर दोन्हीकडून नाकं मुरडलेली मी पाहिली आहेत. मला ती मुरडवत नाहीत. अमेरिकेतही शनिवारी रात्री दारूच्या अड्ड्यावर ब्लूज गाऊन रविवारी चर्चमध्ये उभे राहणारे होतेच. कंपनीला जे खपतं ते गाणाऱ्याला गावं लागतं, हे एक. पण नुसत्या बिदागीसाठी गायलेलं गाणं असं टिकत नाही, हेही आहे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं ते 1947 मध्ये. शिंदे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. त्याआधी चोखोबाच्या वाट्याला महाद्वारासमोरची समाधी आली होती आणि शतकानुशतकं त्याच्या माणसांनी तिच्यापुढे पाऊल टाकायचं नव्हतं. पुढे त्याच वाटेवरचं सर्वांत लाडकं गाणं कोणाच्या गळ्यातून निघालं, ते वारीला विचारा. सोवळं नेसून पूजेला बसलेल्या कितीतरी घरांत हा आवाज जात न विचारता आत घेतला गेला. गळ्याच्या मालकाला तिथे पाण्याचा पेला कुठल्या भांड्यातून मिळाला असता, हे त्या घरांनी एकदा तपासून पाहावं.

2004 साली 15 मेला वामनदादा गेले आणि 23 जूनला प्रल्हाद शिंदे. मुलं आनंद आणि मिलिंद तोवर घराघरांत पोचली होती, आनंद ‘नवीन पोपट हा’ गाऊन. नातू आदर्श आता सिनेमात गातो. आवाजातली ती खरवड तिन्ही पिढ्यांत ओळखू येते. गाडीतल्या भजनी मंडळात मात्र वाद अजून मिटलेला नाही. टाळ वाजवणारे एक काका ठासून सांगतात की नातवाला सूर आहे, पण आजोबांचा दम नाही. खिडकीतला पोरगा इअरफोन काढून म्हणतो, “काका, तुम्ही आदर्शला लाइव्ह ऐकलंय का?” अंबरनाथ गेलेलं असतं, बदलापूरपर्यंत हे पुरतं.