आधी पाय, मग पाना

क्लचची तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुधा निदानही सोबतच घेऊन येतं. "प्लेट गेलीय, बदलून टाका." हे निदान मेव्हण्याचं असतं, नाहीतर पानाच्या टपरीवरच्या कुणाचं तरी. मी ऐकून घेतो आणि एवढंच विचारतो, "काका, गाडी ओढत नाही की गिअर पडत नाही?" या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मं काम उरकतं.

आमच्या चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट लागतो. त्या चढावर इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी मात्र त्या मानाने सरकत नाही आणि आत जळका वास येतो. हा क्लच धरत नाही. इथे प्लेटवर संशय घ्यायला हरकत नाही. दुसरं दुखणं वेगळं. बाजारपेठेतल्या गर्दीत पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज, पण इंजिन बंद केलं की सगळे गिअर बिनबोभाट पडतात. हा क्लच सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत अशा वेळी प्लेटचं नाव शेवटी घ्यायचं. तरीही आमच्या धंद्यात ते सर्रास आधी घेतलं जातं. गिअरबॉक्स उतरवला की बिल मोठं होतं, आणि उतरवलेला गिअरबॉक्स बघून गिऱ्हाइकालाही काहीतरी भारी काम झाल्यासारखं वाटतं.

मारुती ८०० च्या काळात गोष्ट सोपी होती. पेडलपासून क्लचपर्यंत एक केबल. ती ताणली जायची, तुटायची, डोळ्यांना दिसायची. हायड्रॉलिकमध्ये केबलच्या जागी तेल आहे. पेडलचा दांडा वरच्या म्हणजे मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ढकलतो, तेल पाइपातून खाली स्लेव्ह सिलेंडरमध्ये जातं, स्लेव्हचा दांडा फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना. हे तेल म्हणजे ब्रेक ऑइलच. द्रव दाबला जात नाही, म्हणून वर जेवढं ढकललं तेवढं खाली पोचतं. वाटेत हवा शिरली तर आपल्या पायाची चाल ती हवा दाबण्यातच खर्ची पडते आणि खाली उरलेली चाल क्लच सोडवायला पुरत नाही. पिस्टनवरच्या रबरी वॉशरमधून तेल मागे निसटलं, तरी तेच.

म्हणून मी हातात पाना घेण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून जरा थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर रिव्हर्स ओरडून सांगतो. ओरडला की पेडल भराभर तीन-चारदा मारून लगेच पुन्हा टाकून बघायचा. आता मुकाट पडला, तर प्लेट बिचारी निर्दोष आहे. हवा आहे, नाहीतर तेल निसटतंय. पुढे आणखी एक परीक्षा. पेडल दाबून पाय तसाच ठेवायचा. पायाखाली ते हळूहळू खोल जाऊ लागलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये नकळत पुढे रांगायला लागली आणि बाहेर कुठे थेंब दिसत नसला, तर मास्टरमधला वॉशर आतल्या आत तेल सोडतोय. सिग्नलला उभं असताना गाडी आपोआप पुढे सरकते अशी तक्रार येते, त्यातल्या बऱ्याचशा या जातीच्या.

मग खाली वाकायचं. पेडलमागे हात घालून मास्टरच्या दांड्याभोवती बोट फिरवायचं. बोट ओलं आलं तर तिथला सील गेला. मॅट उचलली की खाली गालिचाही चिकट लागतो. पेडलच्या पिनेचं भोकही बघायचं. झिजून ते लांबट झालेलं असेल तर पायाची चाल तिथेच वाया जाते, आणि आपण उगाच सिलेंडर बदलत बसतो. इनोव्हासारख्या गाडीत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या बाहेर बसवलेला आहे, हे मेकॅनिकवर उपकारच. त्याच्या टोकाचं रबरी टोपण नखाने मागे सारलं की आत कोरडी धूळ हवी. काळं, गुळगुळीत तेल गालावर ओघळलं तर निदान झालं. कोरडं असेल तर पोराला पेडलवर बसवतो आणि फोर्कपाशी स्टीलची पट्टी धरतो. "दाब. धर. धरून ठेव." दांडा किती पुढे आला ते पट्टीवर वाचायचं आणि पाय तसाच असताना तो मागे येतो का ते पाहायचं. पूर्ण पुढे येऊन तिथेच उभा राहिला तर तेलाची बाजू साफ. मग खुशाल गिअरबॉक्स उतरवा. ही पट्टी धरायला काही मिनिटं लागतात. गिअरबॉक्स उतरवायला दिवस जातो.

उलटीही एक केस असते, आणि ती मला फार आवडते. क्लच धरत नाही, घसरतो, पण प्लेट नवी आहे. पाय काढल्यावर तेल परत वर यायला मास्टरमध्ये एक बारीक छिद्र असतं. कोणीतरी मास्टरला तेल पुरवणाऱ्या बाटलीत इंजिन ऑइल ओतलेलं असतं. त्याने रबरी वॉशर फुगतात, छिद्र बुजतं आणि खाली दाब अडकून राहतो. म्हणजे आपण पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच. कधी जुना रबरी होज आतून सुजून हीच करामत करतो. अशा वेळी मास्टरजवळचा पाइप किंचित सैल करायचा. दाब सुटून क्लच धरला तर दोष मास्टरचा. तिथे काही फरक नाही, पण स्लेव्हची हवा काढायची निपल सैल करताच तेल उसळून क्लच धरला, तर दोष मधल्या होजचा. चुकीचं तेल एकदा आत गेलं की नुसतं बदलून भागत नाही. ज्या ज्या रबराला ते लागलं ते सगळं बदलावं लागतं, आणि बाटली ब्रेकची असेल तर ब्रेकचंही.

बऱ्याच गाड्यांत क्लचची वेगळी बाटली नसतेच. ब्रेकच्या बाटलीतूनच क्लचची नळी निघते, आणि ती मुद्दाम वरच्या अंगाला जोडलेली असते. क्लचचं तेल गळून पातळी त्या नळीखाली गेली की क्लच हवा खातो, ब्रेकपुरतं तेल मात्र खाली शिल्लक राहतं. क्लच गेला म्हणून चिडणाऱ्याला मी ही नळी दाखवतो.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ तेल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलं की ही हमी १५५ वर येते. सकाळी क्लच ठणठणीत आणि घाटात गरम झाल्यावर पेडल मऊ, अशी तक्रार आली की मी आधी बाटलीचं झाकण उघडतो. आत चहासारखा रंग असेल तर बाकीचं नंतर.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांनी हे सगळं शास्त्र उलटंपालटं केलं. पेडल कडक, दांडा पूर्ण पुढे, तेल गळत नाही, आणि तरी क्लच सुटत नाही. गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. तिथे हायड्रॉलिकला कितीही शिव्या घातल्या तरी उपयोग नव्हता. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीलाही हाच आजार होतो. तेलाची बाजू आधी साफ करून ठेवायची ती यासाठीच. ती साफ असली की उरलेला संशय आपोआप आतल्या भागावर जातो.

आता नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत स्लेव्ह बेअरिंगसकट बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसवतात. टोपण मागे सारायची सोय गेली. बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब दिसला तर तो मी पांढऱ्या झाकणातल्या पाण्यात टाकतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल वर तरंगतं. मिसळलं तर आतला स्लेव्ह गेला, तरंगलं तर ऑइल सील. अशीच एक गाडी माझ्याकडे आली. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट टाकली होती, आणि पैसे वाचवायला आतला स्लेव्ह जुनाच ठेवला होता. काही महिन्यांत तो गळला, नव्या प्लेटवर तेल पडलं, आणि तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. गिअरबॉक्स खाली आलाच असेल तर आतला स्लेव्ह बदलायचाच, यात मी घासाघीस करू देत नाही.

तुमची गाडी असेल तर दोन गोष्टी करा. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. ते बदलून घ्या, आणि क्लचच्या नळीतलं जुनं तेलही काढायला सांगा, कारण ते नेमकं विसरलं जातं. आणि कोणी प्लेट बदला म्हणालं, तर होकार देण्याआधी स्लेव्हचा दांडा किती पुढे येतो ते दाखवा म्हणा. स्लेव्ह आत असेल तर आधी एअर काढून पेडल तपासायला सांगा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाचा राग मानत नाही.