उणे एकची गंमत

मैत्रिणींनो, मी बी. ए., तेही मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या हिशेबापुरता! पण गेल्या मे महिन्यात लेकाच्या संगणकावर विटा फोडायच्या खेळाचा प्रोग्राम लिहायला बसले. वर विटांच्या ओळी, खाली सरकती फळी, मध्ये चेंडू. अटारी कंपनीचा १९७६ सालचा ‘ब्रेकआउट’ हा या खेळाचा मूळपुरुष.

“आई, तुला नाही जमायचं,” लेक म्हणाला. झालं! मी इरेला पेटले.

चेंडू फळीवर आपटला की त्याच्या उभ्या वेगाला उणे एकने गुणायचं, म्हणजे तो उलट फिरतो. पण माझा चेंडू फळीला चिकटून नुसता थरथरे! दोन रात्री डोकं खाजवलं, तेव्हा उमगलं. चेंडू फळीत किंचित घुसलेला असतानाच पुन्हा गुणाकार होई. वर, खाली, वर, खाली. ‘खाली येत असेल तरच वळव’ अशी अट घातली आणि पहिली वीट फुटली!

“आई, कसं केलंस? दाखव ना!” लेक शेजारी येऊन बसला.

शाळेत वहीत चूक दिसली की मी लगेच लाल रेघ ओढायची. आता आधी विचारते, “कुठं अडलं गं?”