एकट्याची शिकवणी

डोंबिवली हे चाकरमान्यांचे गाव. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून या टापूतील माणसांचे जीवन हळूहळू गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. पूर्वी येथील तरुण सकाळच्या गाडीने कचेरीत किंवा गिरणीत जात. आज त्यांतील कितीतरी जण संगणकाच्या आज्ञावली लिहावयास जातात. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहून देणे म्हणजे आज्ञावली लिहिणे.

नव्या कारकुनाला हेडक्लार्क काम शिकवी. सुताराच्या मुलाला बाप रंधा धरावयास शिकवी. परंतु या नव्या व्यवसायात पुष्कळांना हाताला धरून शिकविणारा कोणी भेटत नाही. माझा एक विद्यार्थी असाच होता. वडील कारखान्यात फिटर. घरात या विद्येचा गंधही नव्हता. महाविद्यालय संपताच ठाण्याला वागळे इस्टेटमधील एका लहानशा कचेरीत त्याला नोकरी लागली. तेथे आज्ञावली लिहिणारा तो एकटाच. मालक म्हणाले, "गोदामातील मालाचा हिशेब ठेवणारी आज्ञावली दोन महिन्यांत हवी."

"आणि कुठे अडले तर?" त्याने भीत भीत विचारले.

"अडू नये म्हणून तर तुला घेतले!" मालक उत्तरले.

महिन्याभराने तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला होता. "सर, नोकरी सोडावी म्हणतो. मला काय येत नाही, हे सांगणारेही तिथे कोणी नाही."

"अरे, चूक झाली की संगणकच सांगतो ना?" मी विचारले.

"लिहिण्यातली चूक सांगतो, सर. विचारातली सांगत नाही."

त्याचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. एकलव्याचे उदाहरण देऊन अशा मुलांना धीर देण्याची आपली रीत आहे. परंतु एकलव्याचा नेम चुकला, तर तो चुकल्याचे त्याला समोर दिसत होते. येथे नेम चुकला हेच कळत नाही! पाठांची तर वाण नाही. पवईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात संगणकाचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले आहेत. उणीव होती ती त्याचे लेखन वाचून दोष दाखविणाऱ्याची. चाळीस वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला ही उणीव चटकन उमगते. शुद्धलेखनाची चूक कोणीही दाखवील. निबंध का साधला नाही, हे सांगावयास मन लावून वाचणारा लागतो.

मी त्याला म्हणालो, "मोठा गुरू मिळेना, तर बरोबरीचा सोबती शोध."

कल्याणचा त्याचा एक मित्र दुसऱ्या कचेरीत असाच चाचपडत होता. कचेरीचे काम बाहेर दाखविता येत नसे. म्हणून दोघे घरी लहान लहान आज्ञावली लिहीत आणि रविवारी एकमेकांच्या तपासीत. पहिल्याच रविवारी मित्राने विचारले, "हा 'क' म्हणजे काय रे?" लिहिणाऱ्यालाच आठवेना! त्या दिवसापासून 'क'च्या जागी 'शिल्लक' असे स्पष्ट नाव आले. मग मित्राने आणखी एक गंमत केली. दहा पेट्या असलेल्या गोदामातून त्याने सतरा पेट्या बाहेर काढल्या. संगणकाने निमूटपणे उत्तर दिले : शिल्लक, उणे सात. वजाबाकी अचूक होती; पण उणे सात पेट्या कोणी कधी पाहिल्या आहेत का? शिल्लक असेल तेवढाच माल बाहेर जाऊ द्यावा, ही आज्ञा लिहावयाची राहून गेली होती. अशी प्रत्येक चूक तो तारीख घालून एका वहीत टिपू लागला.

थोरांनीही हाच मार्ग धरल्याचे दिसते. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणक चालविणारी एक प्रणाली लिहावयास घेतली. ती अपुरी असतानाच त्याने जगभरच्या जाणकारांपुढे ठेवली आणि सूचना मागविल्या. तीच पुढे 'लिनक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्या पुण्यात कैलास काटकर यांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते यंत्रविद्या शिकले. संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय यांनी आज्ञावली लिहिल्या, थोरल्यांनी त्या गिऱ्हाइकांपर्यंत नेल्या. आणि दोघांच्या मेहनतीतून संगणकाचे विषाणूंपासून रक्षण करणारी 'क्विक हील' उभी राहिली. गुरू नव्हता, पण एकटेपणही नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याचे काम दोन महिन्यांऐवजी तीन महिन्यांत पुरे झाले. मालक थोडे कुरकुरले. पण गोदामाचा हिशेब जुळला आणि नोकरी टिकली. पुढे त्याच्या हाताखाली दोन नवी मुले आली. पहिल्याच दिवशी त्याने आपली चुकांची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "कुठे अडले, तर विचारा."

मुलांनो, गुरू लाभणे हे भाग्य होय. ते प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. परंतु आपले काम दुसऱ्यापुढे उघडे करण्याचे धैर्य प्रत्येकाला अंगी बाणविता येते. आणि ज्याला गुरू लाभला नाही, त्यालाही उद्या कोणाचा तरी गुरू होता येते.