तुझ्या शहरातली बॅटरी, माझ्या गावचं ऊन

प्रिय,

तिकडे तू स्वेटर काढलास म्हणे! इकडे जळकोटचा मे कसा असतो, हे तुला सांगायला नको. त्यात लग्नसराई. तुला सांगते, परवा हळदीच्या रात्री लाईट गेली आणि अंधारात मावशींनी नवरदेव सोडून फोटोवाल्याच्याच गालाला हळद फासली. मावशी कोणत्या, ते ओळखलंसच तू.

हसून झाल्यावर मात्र मनात तेच घोळत राहिलं. दिवसभर एवढं ऊन, आणि रात्री त्यातलं काहीच हाती नाही. साठवायचं कशात? तर गंमत बघ, याचं एक उत्तर तुझ्याच सिडनीत निघालंय. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस या बाईंनी सहकाऱ्यांसोबत 1980च्या दशकात व्हॅनेडियमची फ्लो बॅटरी घडवली. आणि तुला तिथले फक्त समुद्रकिनारे ठाऊक!

दोन टाक्या, दोन्हींत आम्लात विरघळलेलं व्हॅनेडियम. पंप ते द्रावण एका पातळ पडद्याच्या दोन्ही अंगांनी फिरवतो. दिवसा वीज त्यात साठते, रात्री परत मिळते. जास्त तास हवी, तर टाक्या मोठ्या करायच्या. द्रावणात पाणी भरपूर, त्यामुळे पेट घेण्याची भीती नाही. आणि रंग तर काय सांगू! भरलेली असली की एकीकडे जांभळा, दुसरीकडे पिवळा. उतरली की हिरवा आणि निळा. आपल्या स्नेहसंमेलनातल्या साड्याच जणू!

पण माझा जीव जडला तो वेगळ्याच गोष्टीवर. 2015 साली पाण्यावाचून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कोळशाच्या विजेला रोज पाणी लागतं गं. या टाक्यांतलं द्रावण मात्र तेच ते, वर्षानुवर्षं फिरत राहतं. आपल्या मुलखाला असंच काही हवं.

अडचणी आहेतच. व्हॅनेडियम महाग, टाक्यांना जागा फार, शिवाय चाळीस अंशांच्या वर पिवळ्या द्रावणात साका धरू लागतो. चाळीस! इथं एप्रिलमध्येच पारा तिथं पोचतो. तरीही चीनमध्ये दालियानला 2022 साली अशी 100 मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. आपल्याकडे एनटीपीसीनं 2025 साली ग्रेटर नोएडात 3 मेगावॉट-तासांची बसवली. उन्हाळा तिलाही सोसायचाय, म्हणून माझं सारं लक्ष तिच्याकडे.

आता एक कर. सवड काढून त्या विद्यापीठात जा आणि विचार, चाळिशीपार जाणाऱ्या गावासाठी द्रावणात काय बदल करता येतो? सविस्तर लिही, आकड्यांसकट.

तुझीच